डॉ. नारायण भास्कर खरे व आफ्रिकेशी तोडलेला व्यापार

ज्या गावाच्या नावातच बाजार आहे त्या चांदूर बाजाराच्या आसपासच्या आमच्या मंडळ्यांस व्यवहार तोडणे म्हणजे काय हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. सालदारास सालावरून काढून टाकणे, बायामाणसांस निंदणीस न बोलावणे, वाण्याने मीठमिरची न देणे, विहीर व पांदण बंद करणे, ह्या गोष्टी आमच्या वाडवडिलांनी अंगावर सोसल्या आहेत. १९२८ साली मुंबई सरकारने स्टार्टे साहेबांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमिली होती व डॉ. आंबेडकर तीत सभासद होते. तिने १९३० च्या आपल्या अहवालात असे दाखवून दिले की, अस्पृश्यांस दाबून ठेवण्यासाठी काठीपेक्षाही ह्या बहिष्काराचाच उपयोग अधिक होतो. कारण ज्याचे पोट दुसऱ्याच्या शेतावर अवलंबून आहे त्यास मारण्याची गरजच उरत नाही. तेव्हा बहिष्कार हा शब्द ऐकताच आमच्या कित्येक वाचकांच्या मनात प्रथम भीती उभी राहील, आणि ती अकारण नव्हे.

परंतु हेच शस्त्र एकदा उलट बाजूने उगारले गेले. एका बलाढ्य गोऱ्या राज्याने आपल्या देशातील काळ्या व हिंदी लोकांस जमिनीपासून दूर लोटिले, म्हणून हिंदुस्थानाने त्या राज्याशी सर्व व्यापार तोडिला. वर्णद्वेषाच्या कारणासाठी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद करणारा जगातील पहिला देश हिंदुस्थान होय, आणि ही गोष्ट १९४६ सालची, म्हणजे स्वराज्य मिळण्याच्या आधीची आहे. ज्या गृहस्थाच्या खात्यातून ती निघाली तो एके काळी आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडाचा मुख्य प्रधान होता. म्हणून आम्ही आज डॉ. नारायण भास्कर खरे ह्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो. ते साधुपुरुष होते म्हणून नव्हे. ते तसे नव्हते, हे पुढे दिसेलच.

खरे ह्यांचा जन्म १८८४ साली पनवेल येथे झाला. वैद्यकीचा अभ्यास त्यांनी लाहोर येथे केला, आणि काही काळ सरकारी नोकरी करून पुढे नागपुरास येऊन स्वतंत्रपणे व्यवसाय मांडिला. वैद्य म्हणून त्यांचे नाव झाले, परंतु त्यांचा जीव राजकारणात होता. स्वभावाने ते तापट, जिभेने तिखट, आणि एकदा घेतलेला हट्ट न सोडणारे. काँग्रेसच्या तिकिटावर ते विधिमंडळात गेले, आणि १९३७ साली प्रांतांस स्वायत्तता मिळाली तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडाचे मुख्य प्रधान झाले.

हे प्रधानपद पुरते एक वर्षच टिकले. प्रधानमंडळात मराठी बोलणारे व हिंदी बोलणारे असे दोन तट होते. जुलै १९३८ मध्ये खरे ह्यांनी वरिष्ठांस न विचारता राजीनामा दिला, गव्हर्नराकडून विरोधी तटाच्या प्रधानांस दूर करविले आणि एका रात्रीत नवे मंडळ उभे केले. त्या मंडळात त्यांनी दलित वर्गातील श्री. अग्निभोज ह्यांस घेतले होते. हे मंडळ दोन-तीन दिवसांपलीकडे जगले नाही. वर्धा येथे काँग्रेसच्या कार्यकारिणीने खरे ह्यांस दोषी ठरविले आणि जबाबदारीच्या जागेस अपात्र म्हणून ठराव केला. अग्निभोजांस घेतल्यामुळेच आपल्यावर रोष झाला असे खरे पुढे जन्मभर सांगत, आणि डॉ. आंबेडकरांनीही ह्या प्रकरणाचा आपल्या ग्रंथात उल्लेख केला आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, शिस्त मोडल्याबद्दलच ती शिक्षा होती. आमच्या मते शिस्त मोडली होती हे उघड आहे. पण दलित प्रधान करण्याची आठवण मंडळ बुडू लागल्यावरच का व्हावी, हाही प्रश्न खरे ह्यांस विचारण्यासारखा आहे.

पुढील पाच वर्षे ते काँग्रेसबाहेर राहिले. १९४३ साली, जेव्हा देशातील बहुतेक पुढारी तुरुंगात होते, तेव्हा त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारिली. ह्याबद्दल त्यांस पुष्कळ दोष दिला गेला. त्यांजकडे जे खाते आले ते परदेशस्थ हिंदी लोकांचे. पुढे त्याचे नाव राष्ट्रकुलसंबंधाचे खाते असे झाले. हे खाते तोवर कागद हलविण्यापुरतेच आहे असे समजत. खरे ह्यांनी ते तसे राहू दिले नाही.

येथे थोडी मागची हकिकत सांगितली पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात उसाचे मळे होते आणि तेथे राबण्यास १८६० सालापासून हिंदुस्थानातून गिरमिटिये मजूर नेण्यात आले. १९११ पर्यंत दीड लाखावर माणसे अशी गेली. त्यांतील पुष्कळांनी मुदत संपल्यावर तेथेच भाजीपाला पिकविला, दुकाने घातली, मुलांस शाळेत पाठविले. मजूर म्हणून जो हिंदी माणूस हवा होता तो शेजारी म्हणून गोऱ्यांस नकोसा झाला. गांधीजींनी १८९३ पासून १९१४ पर्यंत तेथे जो लढा दिला तो सर्वांस ठाऊक आहे. तथापि त्यानंतरही कायद्यांची साखळी वाढतच गेली. १९४३ साली डर्बन शहरात हिंदी व गोरे ह्यांच्यामधील घरजमिनीचे व्यवहार गोठविणारा कायदा झाला, आणि १९४६ साली जनरल स्मट्स ह्यांच्या सरकारने त्याहून मोठा कायदा आणिला. हिंदी माणसाने कोठे जमीन घ्यावी व कोठे राहावे ह्याच्या रेषा त्याने आखून दिल्या, आणि पार्लमेंटात हिंदी लोकांचे म्हणून गोरेच प्रतिनिधी असावेत असे ठरविले. गावकुसाबाहेरची वस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांस ह्याचा अर्थ कळण्यास नकाशा लागणार नाही. तेथील हिंदी लोकांची संख्या तेव्हा पावणेतीन लाखांवर होती. आणि तेथील मूळच्या काळ्या लोकांस तर ह्याहून कठोर कायदे १९१३ पासूनच लागू होते.

खरे ह्यांनी पहिले पाऊल १९४४ च्या नोव्हेंबरात टाकिले. परस्पर व्यवहाराचा एक कायदा आदल्या वर्षी झाला होता. त्याचा आधार घेऊन, आफ्रिकेत हिंदी माणसावर जी बंधने आहेत तीच येथे आफ्रिकेच्या गोऱ्यांवर घालण्यात आली. हिंदुस्थानात असे गोरे होते तरी किती? मोजकेच. त्यामुळे ह्या पावलाने कोणाचे फारसे बिघडले नाही, आणि कोणी सुधारलेही नाही. असल्या जशास तसे करण्याविषयी आमचे मत अनुकूल नाही. एखाद्या निरुपद्रवी प्रवाशाने स्मट्स साहेबांच्या कायद्याचे प्रायश्चित्त का घ्यावे?

दुसरे पाऊल मात्र निराळ्या जातीचे होते. १९४६ च्या मार्चात दक्षिण आफ्रिकेतील हिंदी काँग्रेसचे एक शिष्टमंडळ सोराबजी रुस्तमजी ह्यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीस आले. नामदार आगाखान त्यांच्यासह व्हाइसरॉयना भेटले. त्यांनी मागितले ते असे की, आफ्रिकेच्या सरकारने गोलमेज परिषद भरवावी. तसे न झाल्यास हिंदुस्थानाने आपला हायकमिशनर परत बोलवावा आणि व्यापार तोडावा. वाचकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात धरावी. ज्यांच्या दुकानांतील तांदूळ, मसाला व कापड हिंदुस्थानातून जात असे, आणि बंदीचा पहिला फटका ज्यांच्या गल्ल्यावर बसणार होता, तेच लोक बंदी मागावयास समुद्र ओलांडून आले होते.

त्याच महिन्यात हिंदुस्थान सरकारने दक्षिण आफ्रिकेशी असलेला व्यापारी करार मोडण्याची नोटीस दिली. हायकमिशनरांस परत बोलाविले. हे हायकमिशनर कोण, तर आपल्या अमरावतीचे बॅरिस्टर रामराव माधवराव देशमुख. म्हणजे हुकूम सोडणाऱ्या खात्यावर नागपूरचे डॉक्टर आणि आफ्रिकेतून परत येणारे अमरावतीचे बॅरिस्टर, असा तो योग होता. नोटिशीची मुदत संपून जुलै १९४६ मध्ये व्यापारबंदी पूर्णपणे अमलात आली. त्याच जुलैच्या आरंभी खरे व्हाइसरॉयच्या मंडळातून पायउतार झाले होते. नोटीस त्यांच्या हातची. अंमल मात्र त्यांच्या मागून झाला. सप्टेंबरात पंडित नेहरूंचे हंगामी सरकार आले. ज्यांनी आठ वर्षांपूर्वी खरे ह्यांस अपात्र ठरविले होते त्यांच्याच हाती आता ही बंदी होती, आणि त्यांनी ती उठविली नाही, उलट अधिक नेटाने चालविली.

आता, ह्या बंदीने काय साधले? हाच खरा प्रश्न आहे.

त्या काळी हिंदुस्थानच्या एकंदर निर्यातीपैकी सुमारे विसावा हिस्सा दक्षिण आफ्रिकेस जात असे. त्यात मुख्य माल तागाचा. तिकडे मका पिकतो, लोकर होते, आणि हा माल भरण्यास बारदान लागते. ज्या बारदानात आपण तूर व ज्वारी भरतो तेच बारदान आफ्रिकेच्या गोऱ्या शेतकऱ्यासही हवे होते आणि ते बंगालच्या गिरण्यांतून जात होते. सुगीच्या वेळी पोते मिळेनासे झाले म्हणजे शेतकऱ्याची काय दशा होते हे आमचे वाचक जाणतात. परंतु पैसा पाण्यासारखा वाट काढितो. माल तिसऱ्या देशाच्या दारातून फिरून जाऊ लागला, किंमत थोडी चढली, आणि स्मट्स साहेबांचा कायदा जागच्या जागी राहिला. १९४८ साली तर त्यांचाही पक्ष हरला व वर्णभेदाचे उघड निशाण घेतलेला पक्ष अधिकारावर आला. १९५० साली सर्व जातींच्या वस्त्या कायद्याने वेगळ्या पाडण्यात आल्या. एवढ्यावरून पाहिले तर खरे ह्यांची बंदी फुकट गेली असेच कोणी म्हणेल, आणि तसे म्हणणारे विद्वान कमी नव्हते.

आम्हांस तसे वाटत नाही. व्यापार तोडल्यामुळे गाऱ्हाण्यास वजन आले. जो स्वतःचे नुकसान सोसून बोलतो त्याचे बोलणे सभेत ऐकून घ्यावे लागते. जून १९४६ मध्येच हिंदुस्थानाने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेला, आणि ८ डिसेंबर १९४६ रोजी तेथे ३२ विरुद्ध १५ मतांनी हिंदुस्थानच्या बाजूने ठराव झाला. ही आमची घरगुती बाब आहे, हे आफ्रिकेचे म्हणणे टिकले नाही. इकडे डर्बन येथे १३ जूनपासून सत्याग्रह सुरू होता व सुमारे दोन हजार माणसे पुढे तुरुंगात गेली. त्यांत मायकेल स्कॉट नावाचे एक गोरे पाळकही होते; त्यांस तीन महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी मार्चात तेथील हिंदी पुढारी डॉ. दादू व डॉ. नायकर आणि काळ्या लोकांचे पुढारी डॉ. झुमा ह्यांनी एकत्र लढण्याचा करार केला. ह्या प्रकरणात डॉक्टर फार, हे आमच्या लक्षात आल्यावाचून राहिले नाही.

आफ्रिकेच्या पक्षाने ह्यावर एक उत्तर केले होते आणि ते टाळून पुढे जाणे बरे दिसणार नाही. हिंदुस्थानात जातीजातींत जो भेद चालतो त्याकडे त्यांनी बोट दाखविले. बोट दाखविणाऱ्याचा हेतू वाईट होता. परंतु ज्या गोष्टीकडे बोट होते ती खोटी नव्हती. ज्या वर्षी दिल्लीच्या सरकारने डर्बनच्या हिंदी माणसासाठी व्यापार तोडिला त्या वर्षी वऱ्हाडातील कित्येक गावांत महारामांगास पाणवठा बंदच होता. अस्पृश्यता घटनेने नाहीशी केली ती १९५० साली, आणि गावातून ती किती गेली हे आमच्या प्रचारक बंधूंनीच सांगावे.

खरे ह्यांच्या स्वतःच्या हातांविषयी तर ह्याहून कठीण गोष्ट आहे. १९४७ च्या एप्रिलात ते अलवर संस्थानचे मुख्य प्रधान झाले. त्या वर्षी फाळणीच्या आगीत अलवरातील मेव मुसलमानांची कत्तल झाली, हजारोंस हाकलून देण्यात आले, आणि ह्यात संस्थानच्या सैन्याचा हात होता असे इतिहासकारांनी लिहून ठेविले आहे. ज्याने समुद्रापारच्या हिंदी माणसाचे घर वाचविण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याच्या अंमलात त्याच्या दाराशी असलेल्या शेतकऱ्यांची घरे उजाड झाली. गांधीजींच्या खुनानंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये भारत सरकारने त्यांस त्या जागेवरून दूर केले. चौकशीत खुनाशी त्यांचा संबंध दिसून आला नाही. परंतु मेवांच्या घरांचे काय, हा प्रश्न त्या चौकशीचा नव्हता. पुढे ते हिंदु महासभेचे अध्यक्ष झाले आणि काही काळ लोकसभेतही बसले.

मग असल्या माणसाने केलेले काम चांगले म्हणावे काय? आमच्या मते माणूस व काम ही निरनिराळी तोलावी लागतात. बंदी मागणारे पीडित लोक स्वतः होते. जिच्यावर ती घातली ती सत्ता बलाढ्य होती. आणि घालणाऱ्याच्या खिशास तिची झळ लागत होती. गावच्या पाटलाने महारवाड्यावर घातलेल्या बहिष्कारात ह्या तिन्ही गोष्टी नेमक्या उलट असतात. तेथे बलवान दुर्बळाचे पोट बांधतो, आणि त्याचे स्वतःचे एक दाणाही जात नाही. दोहोंस नाव एकच असले तरी आम्ही त्यांस एका मापाने मोजू शकत नाही.

तथापि गरिबांचे काय, हा आक्षेप उरतोच. गोऱ्यांचा कारखाना बंद पडला तर प्रथम काळ्या मजुराची रोजी जाते. श्रीमती हेलन सुझमन ह्या आफ्रिकेच्या पार्लमेंटात वर्णभेदाविरुद्ध वर्षानुवर्षे लढल्या, बराच काळ अगदी एकट्या लढल्या, आणि तरीही ह्याच कारणासाठी आर्थिक बंदीच्या विरुद्ध राहिल्या. त्यांचा शब्द हलका नव्हे. दुसऱ्या बाजूस आल्बर्ट लुथुली ह्यांचे उदाहरण आहे. हे झुलू लोकांचे एक नायक व मंडळीतील उपदेश करणारे गृहस्थ. ज्या अमेरिकन बोर्डाने अहमदनगराकडे मराठी मिशन चालविले त्याच बोर्डाच्या शाळेत ते शिकले, आणि १९३८ साली मद्रासजवळ तांबरम येथे जी जगातील मिशनांची परिषद भरली तीस ते आले होते. १९५९ साली त्यांनी परदेशच्या लोकांस आफ्रिकेचा माल घेऊ नका अशी विनंती केली, आणि आपल्या लोकांस ह्याने कष्ट होतील हे जाणूनच केली. त्याच वर्षी त्यांच्या लोकांनी बटाटा खाणे सोडिले. बेथल भागातील शेतांवर काळ्या मजुरांस गुलामांप्रमाणे राबविले जाते हे मायकेल स्कॉट ह्यांनी १९४७ साली उघडकीस आणिले होते; त्या शेतांचा बटाटा गरिबांचे स्वस्त अन्न होता. तो त्यांनी काही महिने बाजारात कुजू दिला. गरिबांस ह्यातले काही समजत नाही असे दुरून म्हणणाऱ्यांनी त्या बटाट्यांची गोष्ट वाचावी.

पुढे दुसरे देशही त्या वाटेस लागले, पण फार उशिरा. अमेरिकेत लिऑन सलिव्हन नावाचे एक बाप्तिस्त पाळक १९७१ साली मोटारी करणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या संचालक मंडळात गेले. १९७७ साली त्यांनी आफ्रिकेत धंदा करणाऱ्या कंपन्यांसाठी नियम घालून दिले, ते असे की काळ्या व गोऱ्या कामगारांस एकाच जागी जेवू द्यावे व एका कामास एकच पगार द्यावा. दहा वर्षे वाट पाहिली, आणि १९८७ साली त्यांनी सर्व कंपन्यांनी तेथून निघून यावे असे सांगितले. आपण कापसाच्या जिनात घातलेला वाटा, मालक अन्याय करितो म्हणून काढून घ्यावा, तसा हा प्रकार. मंडळ्या, विद्यापीठे, पेन्शनचे फंड ह्यांनी आपले भांडवल काढून घेतले. १९८५ साली अमेरिकेच्या मोठ्या बँकांनी आफ्रिकेस दिलेल्या कर्जाची मुदत वाढविण्याचे नाकारिले. तो घाव खोल लागला. १९८६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने अध्यक्षांचा विरोध मोडून बंदीचा कायदा केला. केवळ ह्यामुळेच वर्णभेद पडला असे आम्ही म्हणणार नाही. आतील लोकांचा लढा, कामगारांचे संप, तुरुंगात गेलेली पिढी, ह्यांवाचून बाहेरच्या बँकांनी काही केले नसते.

डॉ. खरे १९७० साली वारले. तोवर त्यांच्या नोटिशीस चोवीस वर्षे झाली होती, बंदी चालूच होती आणि आफ्रिकेचे कायदे पूर्वीपेक्षा कठोर झाले होते. १९४६ च्या त्या कायद्यापासून निघालेली जमिनीची सर्व बंधने १९९१ साली तेथील पार्लमेंटाने रद्द केली. १९९३ साली हिंदुस्थानाने व्यापार पुन्हा मोकळा केला. २७ एप्रिल १९९४ रोजी नेल्सन मंडेला ह्यांनी आपल्या आयुष्यातील पहिले मत दिले ते डर्बनजवळच्या इनांडा येथील एका शाळेत. ती शाळा जॉन दुबे ह्या काळ्या पाळकांनी स्थापिली होती.